गेमनिर्मितीत जुन्या आवृत्तीलाच पसंती का?

संगणक व मोबाइलवरील गेम तयार करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या 'युनिटी' या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या सातत्याने येत असल्या, तरी अनेक निर्माते जुनीच आवृत्ती वापरतात. मोठ्या गेमची निर्मिती काही वर्षे चालते. मध्येच आवृत्ती बदलल्यास चालू प्रोग्राम व विकत घेतलेले पूरक भाग बंद पडू शकतात. २०१८ मध्ये 'युनिटीस्क्रिप्ट' ही भाषा वगळली गेल्याने तीत लिहिलेले काम 'सी शार्प'मध्ये उतरवणे भाग पडले.

दुसरे कारण पैशाचे. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने ठरावीक मर्यादेनंतर गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलेशनमागे शुल्क जाहीर केले. तीव्र विरोधानंतर ते २०२४ व पुढील आवृत्त्यांपुरतेच ठेवले गेले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द झाले. मात्र, नव्या आवृत्तीबरोबर नव्या अटीही येऊ शकतात, हे त्यातून स्पष्ट झाले. हाती घेतलेला गेम पूर्ण होईपर्यंत जुनी आवृत्ती न सोडण्याची खबरदारी त्यामुळेच घेतली जाते.