इसबगोल नुसतं पोट साफ करत नाही

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत इसबगोल म्हणजे रात्री झोपताना घ्यायचं सारक. ते मध्य प्रदेशातही पिकतं, नीमच-मंदसौरकडे. त्यातला तंतू आपल्याला पचत नाही. मोठ्या आतड्यातले जीवाणू तो काही प्रमाणात आंबवतात, त्यातून ब्युटिरेट तयार होतं. आतड्याच्या अस्तराचं हे मुख्य इंधन. आतड्याच्या दाहाच्या आजारात नेमके ब्युटिरेट बनवणारे जीवाणूच घटतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा असाच एक आजार. तो आटोक्यात असलेल्या १०५ रुग्णांवरचा स्पेनमधला वर्षभराचा प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. रोज २० ग्रॅम इसबगोलाचं बी (भुशी नव्हे!) घेणाऱ्यांपैकी ४० टक्के, तर मेसालामाइन हे नेहमीचं औषध घेणाऱ्यांपैकी ३५ टक्के जणांचा आजार उलटला. आकडे जवळपास सारखे दिसले, तरी प्रयोग छोटा होता, म्हणून औषधाच्या गोळ्या परस्पर सोडू नयेत. आतडं अरुंद झालं असेल तर इसबगोल फुगून अडकूही शकतं.