एका स्वल्पविरामामुळे अख्खं जंगल बंद! माइनक्राफ्टची जेसन फाइल नेमकी असते काय?

समजा, चंद्रपूरच्या एखाद्या पोराला माइनक्राफ्टमध्ये ताडोबा उभा करायचाय. पहिली भीती एकच, आता जावा शिकावी लागणार. अगदी नवी झाडं, नवे प्राणी हवे असतील तर ती लागतेच. पण गेममध्ये असलेल्याच गोष्टी वापरून (बांबू तर आधीपासून आहे) नव्या प्रदेशाची व्याख्या करायची, तर डेटापॅकमधली जेसन फाइल पुरते. तो प्रदेश जगात कुठे पसरवायचा, हेही अशाच फायलींतून सांगता येतं.

जेसन म्हणजे नाव आणि किंमत यांच्या जोड्या. डावीकडे अवतरणचिन्हात नाव, मग कोलन, उजवीकडे किंमत. सगळं महिरपी कंसात. दोन जोड्यांमध्ये स्वल्पविराम, शेवटच्या जोडीनंतर मात्र नाही. शेवटची ओळ खोडली आणि वरचा स्वल्पविराम तसाच राहिला, की जग उघडतच नाही. गेम 'सेफ मोड' सुचवतो. घाईत ते बटण दाबू नये. सेफ मोडमध्ये डेटापॅक बाजूला पडतो आणि आपला प्रदेश गेमला ओळखूच येत नाही. मागे जाऊन फाइल दुरुस्त करावी, आणि जगाची एक प्रत आधीच काढून ठेवावी.

मराठी लिहिणाऱ्यांचे घोळ थोडे वेगळे. मोबाइलवरून किंवा वर्डमधून चिकटवलेली वळणदार अवतरणचिन्हं जेसनला चालत नाहीत. देवनागरी आकडेही नाहीत. म्हणजे इथे छापलेला ०.८ फाइलीत इंग्रजी आकड्यांतच टाकायचा. अवतरणचिन्हांच्या आत मात्र मराठी बिनधास्त चालते. रिसोर्स पॅकमधल्या भाषेच्या फाइलीत ओकच्या लाकडाला 'साग' म्हणता येतं. फक्त फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करायची, नाहीतर सागाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. फाइलचं नाव लहान इंग्रजी अक्षरांत, आणि नोटपॅडने शेवटी गुपचूप 'डॉट टीएक्सटी' जोडलं नाही ना, तेही बघायचं.

खरी गंमत तापमानाच्या ओळीत आहे. चंद्रपूरचा उन्हाळा म्हणून कुणी ४७ लिहिलं तर गेम तक्रार करत नाही, कारण फाइलचा आकार बरोबर आहे. पण हे सेल्सिअस नव्हेच. गेमचं वाळवंट २ वर आहे, गवताळ मैदान ०.८ वर. करपलेलं गवत हवं असेल तर त्याचा रंग वेगळ्या ओळीत देता येतो. आणि चुकून ०.१ लिहिलं, तर पावसाळ्यात ताडोबावर बर्फ पडतो.