झोपेत लेकराचं तोंड उघडं राहतं का?

घोरणारं लेकरू गाढ झोपलंय, असं वस्तीत अनेकजण समजतात. पण रोज घोरणं, तोंड उघडं ठेवून झोपणं, मध्येच श्वास अडकणं ही दुखण्याची खूण असू शकते. नाकामागची ॲडेनॉइडची गाठ किंवा टॉन्सिल वाढले, की श्वासाची वाट अडते. झोप मोडते, लेकरू वर्गात पेंगतं, चिडतं. त्याला ‘ढ’ ठरवू नका.

आम्ही आयांना सांगतो : आधी कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. शाळेत, अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांनाही सांगा. नाक मोकळं झाल्यावर ओठ मिटून, जीभ टाळूला लावून नाकाने श्वास घेण्याचा व्यायाम तज्ज्ञांकडून शिका. तोंडाला चिकटपट्टी लावू नका.

चार वर्षांनंतरही अंगठा चोखत असेल, तर मिरची लावू नका. लोणीच्या प्रवरा संस्थेच्या दंत महाविद्यालयात दात-जबडा तपासून घ्या.