मोकळ्या रानाचे राजे? मेंढपाळांबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या सुमारास, शहादा तालुक्यातल्या सारंगखेड्यात तापीकाठी घोडेबाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरा, चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेले पंचकल्याणी अशी देखणी जनावरे पाहायला मुंबई-पुण्याहून लोक येतात. परतीच्या वाटेवर त्यांच्या गाडीला एखादा कळप आडवा येतो: दोन-तीनशे मेंढ्या, मागे लादलेला घोडा, फेटेवाला मेंढपाळ. व्हिडिओ निघतो आणि त्याखाली ठरलेली वाक्ये पडतात. ‘हे आपले काऊबॉय.’ ‘ना साहेब, ना घड्याळ, वाटेल तिकडे जायचे.’ ‘खरे स्वातंत्र्य यांच्याकडेच.’

हे कौतुक मनापासूनचे असते, पण त्यातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे. वर्षानुवर्षे तेच ऐकून चीड येते, कारण या समजुतीची किंमत त्या मेंढपाळाला मोजावी लागते. जो माणूस मजेत भटकतो आहे असे आपण ठरवून टाकतो, त्याला चराईची जमीन, जनावरांचा डॉक्टर किंवा मुलांसाठी शाळा हवी असेल, हे आपल्या मनातही येत नाही.

पहिला आणि सर्वांत मोठा गैरसमज ‘वाटेल तिकडे’ या दोन शब्दांत आहे. धुळे-नंदुरबार पट्ट्यातले ठेलारी आणि इतर धनगर मेंढपाळ वाटेल तिकडे कधीच जात नाहीत. त्यांची वाट पाऊस आणि पिके ठरवतात. पावसाळ्यात काळी माती चिकट होते, खुरांच्या बेचक्यांत चिखल बसतो आणि खूर कुजू लागतात. लंगडी मेंढी कळपाबरोबर चालू शकत नाही आणि चरूही शकत नाही. म्हणून ते दिवस कोरड्या, मुरमाड माळावर काढायचे. खरीप निघाला की उतरायचे पिकाखालून मोकळ्या झालेल्या शेतांत. कोणत्या गावात कधी पोहोचायचे, कोणाच्या रानात किती रात्री थांबायचे, पुढच्या पाणवठ्यावर दुसरा कळप आधीच आहे का, हे सगळे आधी कोणीतरी पुढे जाऊन, बोलून, ठरवून आलेला असतो.

शेतकऱ्याशी होणारा हा बोलणीचा व्यवहार नीट पाहायला हवा. खानदेशात ‘मेंढ्या बसवणे’ म्हणतात ते हेच. दिवसभर चरलेला कळप रात्री शेतकऱ्याच्या वावरात जाळीच्या कुंपणात कोंडतात. लेंडी आणि मूत थेट जमिनीत मुरते, शेतकऱ्याला वाहतुकीशिवाय खत मिळते आणि मेंढपाळाला ठरल्याप्रमाणे धान्य किंवा रोख रक्कम. जागा रोज थोडी सरकवायची, म्हणजे सगळ्या वावराला सारखे खत पडते. वेचणी संपलेल्या कपाशीत कळप सोडला तर मेंढ्या झाडावर राहिलेली किडकी बोंडे खाऊन टाकतात. गुलाबी बोंडअळीची साखळी तोडायला हंगाम संपल्यावर शेतात जनावरे चारा, असा सल्ला कृषितज्ज्ञही देतात. भटकंती म्हणून आपण ज्याचे फोटो काढतो, ती शेतीला जोडलेली, कराराने चालणारी सेवा आहे.

आणि या सेवेत जोखीम पदोपदी आहे. कापलेल्या ज्वारीच्या धसकटांना पाण्याची ओल मिळाली की कोवळे हिरवे कोंब फुटतात. लांबून तो उत्तम चारा दिसतो. पण कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. ‘किरळ लागणे’ म्हणतात ते याच विषबाधेला. रक्तात प्राणवायू असूनही शरीराच्या पेशींना तो वापरता येत नाही. जनावर धापा टाकते, लडखडते आणि डॉक्टर पोहोचेपर्यंत अनेकदा संपलेले असते. फवारलेल्या कपाशीतूनही विषबाधा होते. शिवाय पीपीआर, देवी, आंत्रविषार हे रोग आहेत. लस वेळेवर टोचली तर ते टळतात, पण लसीकरणाच्या दिवशी कळप त्या गावात असावा लागतो.

आता घोड्याकडे वळू, कारण काऊबॉयची उपमा त्याच्यामुळेच सुचते. मेंढपाळाचा घोडा स्वारीसाठी नसतो. पाठीवर आधी घोंगडी आणि जुनी गोधडी, त्यावर दोन्ही बाजूंना धान्याची पोती, भांडी, पाण्याचा कॅन, ताडपत्री. सर्वांत वर बाज. त्या बाजेवर आदल्या रात्री जन्मलेली कोकरे, दोन-चार कोंबड्या आणि कधी एखादे लहान मूल. घर मोडून ते घोड्यावर चढवणे, पुढच्या तळावर उतरवून चूल पेटवणे, पाणी आणणे, दुबळ्या कोकरांना पाजणे ही कामे मुख्यतः बाया करतात. पुरुष मेंढ्यांबरोबर पायी चालतो. संध्याकाळी तळ पडला की त्याची रात्रपाळी सुरू होते, कारण लांडगा, बिबट्या आणि चोर हे तिघेही रात्रीच येतात.

गंमत अशी की जिथून ही प्रतिमा आली, त्या अमेरिकी पश्चिमेतही ती खरी नव्हती. टेक्सासमधून कॅन्ससच्या रेल्वे स्थानकांपर्यंत गुरांचे मोठे तांडे हाकण्याचा काळ जेमतेम 20 वर्षांचा, यादवी युद्ध संपल्यावर 1866च्या सुमारास सुरू होऊन 1880च्या दशकात ओसरलेला. दहा-बारा माणसे दोन-अडीच हजार गुरे दिवसाला 15 ते 25 किलोमीटर नेत. धुळीत शेवटी चालायचे काम नवख्यांकडे, रात्री पाळीपाळीने पहारा, पगार महिन्याला साधारण 30-40 डॉलर. खोगीर स्वतःचे, घोडे बहुतेक मालकाचे. या ‘स्वच्छंद’ माणसांनी 1883 साली टेक्सासमध्ये पगारवाढीसाठी चक्क संप केला होता. त्याच वर्षी बफेलो बिलने आपला ‘वाइल्ड वेस्ट’ खेळ सुरू केला आणि जगाच्या डोळ्यांपुढे तो खेळच राहिला. 1903 सालचा गाजलेला मूकपट ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ तर पूर्वेकडच्या न्यू जर्सी परिसरात चित्रित झाला.

तिथला मोकळेपणा संपवला काटेरी तारेने. जोसेफ ग्लिडन याला तिचे पेटंट 1874 साली मिळाले आणि काही वर्षांत माळराने कुंपणांनी भरली. त्यात 1886-87च्या भीषण हिवाळ्यात लाखो गुरे दगावली आणि मोकळ्या चराईचा धंदा कोसळला. नंदुरबारमध्ये तारेचे काम बारमाही पिके करतात. तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशा येथे बॅरेज झाले, विहिरी-कूपनलिका वाढल्या, आणि शहादा-तळोद्याच्या सुपीक पट्ट्यात केळी, पपई, ऊस उभा राहिला. शेतकऱ्यासाठी ही चांगलीच गोष्ट आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या वावरात पूर्वी हिवाळ्यात कळप बसायचा तिथे आता वर्षभर पीक असते. कळपाची वाट अरुंद होत गेली आणि एक मेंढी पपईच्या बागेत शिरली तरी भांडण पेटते. हेच गुजरातेतून गायी घेऊन येणाऱ्या काठेवाड्यांचे. खऱ्या अर्थाने गुरे हाकणारे तेच, आणि गावोगावी सर्वाधिक शिव्या खाणारेही तेच. ‘ना साहेब, ना घड्याळ’ म्हणणाऱ्याने एकदा पाहावे, दिवसभरात या माणसाला किती जणांची परवानगी मागावी लागते: शेतमालक, सरपंच, वनरक्षक, पाटाचा पाटकरी.

उरलेले गैरसमज थोडक्यात.

‘लोकरीवर त्यांचे चांगले चालते.’ दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते. घोंगड्यांची मागणी घटल्यापासून तिचा भाव कातरणीच्या मजुरीलाही पुरत नाही, असे मेंढपाळ सांगतात. कमाई मटणासाठी विकलेल्या कोकरांची असते.

‘सारंगखेड्यात घोडे कोटींना विकले जातात.’ बातमीत छापली जाते ती मालकाने सांगितलेली किंमत. तो घोडा बहुतेकदा विक्रीला नसतोच, प्रदर्शनाला आलेला असतो. बाजार चालतो तो वरातीचे घोडेवाले, हौशी शेतकरी आणि ओझ्याला तट्टू शोधणारे यांच्यावर.

‘घोड्यांना पुन्हा चांगले दिवस आले.’ 2012च्या पशुगणनेत देशात सुमारे 6 लाख 25 हजार घोडे-तट्टू होते. 2019च्या गणनेत 3 लाख 42 हजार उरले.

‘भोवरा वाईट, म्हणून घोडा मालकाला भोवतो.’ केसांचे भोवरे जन्मतः ठरतात; त्यांचा मालकाच्या नशिबाशी संबंध नाही. दात, खूर आणि डोळे पाहा.

‘पश्चिमेतले सगळे काऊबॉय गोरे होते.’ इतिहासकारांच्या अंदाजाने सुमारे चौथा हिस्सा कृष्णवर्णीय होता, त्याशिवाय मेक्सिकन आणि मूळ अमेरिकी वेगळे. दोरीचा फास टाकण्यापासून खोगिरापर्यंत या धंद्याची बहुतेक विद्या मेक्सिकन गुराख्यांची.

‘प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल.’ डॉज सिटीसारख्या गावांत शस्त्र बाळगायला बंदी होती. टूमस्टोन गावातली 1881ची प्रसिद्ध चकमक पेटायला शस्त्रबंदीचा नियमही कारण ठरला.

‘मेंढ्या आल्या की रान उजाड होते.’ यावर वाद आहे, म्हणून दाखला देतो. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात 1982 साली चराई बंद केली. त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात दिसले, की म्हशी नसल्याने पाणथळीत गवत माजले आणि पाणपक्ष्यांची जागा आकसली. एकाच जागी बेसुमार चराई घातक आहे, यात शंका नाही. पण चराई म्हणजे नासधूस, हे समीकरण अभ्यासाने टिकत नाही.

शेवटचा गैरसमज सरकारी कचेऱ्यांतही ऐकू येतो: ‘फिरस्त्यांचा जंगलावर कसला हक्क?’ वनहक्क कायदा 2006, कलम 3(1)(घ) वाचावे. भटक्या आणि पशुपालक समुदायांच्या हंगामी चराईचा हक्क तिथे शब्दशः नोंदवलेला आहे. अडचण पुराव्याची आहे. अनुसूचित जमातीत नसलेल्या मेंढपाळाला तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे वास्तव्य आणि जंगलावरचे अवलंबन दाखवावे लागते, आणि चालत्या बिऱ्हाडाकडे घरपट्टीच्या पावत्या नसतात. नियमांत त्यावर उपाय आहे. गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब पुरावा म्हणून चालतात, आणि पशुपालक व भटक्या जमातींचे दावे हाताळले गेले की नाही हे पाहण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीवर टाकलेली आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे गवताळ राने आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवले आहे. ज्यांच्या रानात आजोबांच्या काळापासून मेंढ्या बसत आल्या, त्या शहादा-नंदुरबारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांचे जबाब या वर्षात घेतले, तर त्या दाव्यांना लागणारा कागद तयार होईल.