मोत्याला चकली चालेल का?

दिवाळीची सकाळ. फराळाचं ताट तुमच्या मांडीवर आणि समोर मोत्या. शेपटीने फरशी झाडतोय, नजर चकलीवर खिळलेली. चकली डावीकडे नेली की त्याची मान डावीकडे, उजवीकडे नेली की उजवीकडे! अशा वेळी हात आपोआप पुढे होतो. लहानपणी माझाही व्हायचा.

थांबा. आधी स्वयंपाकघरातून एक काकडी आणा.

दोन चकत्या कापा. एकीवर चिमूटभर मीठ भुरभुरवा, दुसरी तशीच ठेवा. दहा-पंधरा मिनिटांनी बघा. मिठाच्या चकतीवर पाण्याचे थेंब जमलेले दिसतील. बोटांत धरलीत तर ती लुळी पडलेली लागेल. कोशिंबिरीला पाणी सुटतं ना, ते असंच. मीठ जिथे जास्त, तिथे पाणी ओढलं जातं.

शरीरातही हेच होतं. रक्तात मीठ फार वाढलं की पेशींमधलं पाणी बाहेर ओढलं जातं, आणि मेंदूच्या पेशींना हे अजिबात सोसत नाही. म्हणून खूप मीठ खाल्लेला कुत्रा घटाघट पाणी पितो, सारखी शू करतो, ओकतो. मग झोकांड्या खात चालतो. फारच झालं तर त्याला झटके येतात. आपल्या घामातून थोडंफार मीठ निघून जातं, पण कुत्र्याला घाम मुख्यतः पंजांच्या तळव्यांनाच येतो! जास्तीचं मीठ बाहेर टाकायचं जवळजवळ सगळं काम त्याची मूत्रपिंडं करतात.

मग एका चकलीने मोत्याला काही होईल का? नाही, घाबरू नका. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे साधारण २ ते ३ ग्रॅम मीठ पोटात गेलं की विषबाधेची लक्षणं दिसू लागतात. मोत्या १० किलोचा असेल तर २० ते ३० ग्रॅम, म्हणजे चहाचे चार-पाच चमचे. एका चकलीत एवढं मीठ कुठलं! पण २ किलोचं पिल्लू असेल तर? त्याला एखादा चमचाच पुरे. आणि जवळ प्यायला पाणी नसेल तर त्याहून कमी मिठानेही त्रास होतो.

खरं सांगू? मला चकलीपेक्षा चिवड्याची जास्त भीती वाटते. कारण त्यातले बेदाणे. मूठभर बेदाण्यांनीही कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. एखाद्याला काहीच होत नाही, एखाद्याच्या जिवावर बेततं, आणि कुणाचं काय होईल हे आधी कळत नाही. असं का होतं, हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी एका आम्लावर बोट ठेवलं: टार्टारिक आम्ल. द्राक्षांत ते भरपूर असतं. आणि आपल्या चिंचेतही! म्हणजे भेळेची चटणीसुद्धा मोत्यापासून लांबच ठेवायची. लसणाची शेव, कांद्याच्या चवीचे वेफर्स हेही नकोत, कारण कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

वेफर्सचं रिकामं पाकीटही तसंच टाकू नका. आतले कण चाटायला कुत्रा तोंड खुपसतो, पाकीट डोक्यात अडकतं आणि त्याचा श्वास कोंडतो. पाकीट फाडून सपाट करा, मगच झाकणाच्या डब्यात टाका.

आणि हे नीट लक्षात ठेवा. कुत्र्याने नको ते खाल्लं की ओकारी काढायला काही जण त्याला मिठाचं पाणी पाजतात. असं कधीही करू नका, त्यातूनच मिठाची विषबाधा होते. काय खाल्लं, किती खाल्लं, कधी खाल्लं ते मोठ्यांना सांगा आणि लगेच पशुवैद्यांना फोन करायला लावा. बेदाणे खाल्ले असतील तर लक्षणं दिसायची वाट बघू नका.

मोत्याला फराळ हवाच असेल, तर त्या दोन चकत्यांपैकी बिनमिठाची त्याला द्या. कुरुमकुरुम आवाज तिचाही येतो.