किल्ली न देता कोठार उघडण्याची व्यवस्था

ग्रामपंचायतीचे दप्तर लोखंडी कपाटात आणि कपाटाची किल्ली ग्रामसेवकाजवळ, ही पद्धत महाराष्ट्रातील खेड्यांच्या परिचयाची आहे. आता कर आकारणीचा नमुना ८ असो वा शाळेची प्रवेश नोंदवही, त्यांच्या प्रती संगणकात तयार होतात आणि सुरक्षिततेसाठी दूरच्या संगणकांवर, म्हणजे क्लाउडवर, ठेवता येतात. प्रश्न उरतो तो किल्लीचा.

बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडसारख्या गावाचे उदाहरण कल्पून पाहावे. दिवसभर तयार झालेल्या प्रती रोज रात्री २ वाजता क्लाउडवर जाव्यात, असे ठरले. त्या वेळी कार्यालयात कोणी नसते. काम स्क्रिप्ट, म्हणजे छोटी आज्ञावली, करते. सर्वांत सोपा मार्ग म्हणून खात्याचा पासवर्डच आज्ञावलीत लिहून ठेवला जातो. हा मार्ग घातक होय. ती फाइल ज्याच्या हाती लागेल, त्याच्या हाती कार्यालयाचा पत्रव्यवहारही लागतो.

यावरचा उपाय ‘ओऑथ २.०’ या नियमावलीत आहे. ती ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. १ जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या डिजिलॉकरमधील दाखला नागरिकाच्या संमतीने दुसऱ्या संस्थेला मिळतो, तोही याच पद्धतीने. तिचे तत्त्व मुखत्यारपत्राचे आहे. मालक स्वतःची सही दुसऱ्याला देत नाही. ठरावीक कामापुरता अधिकार देतो आणि तो केव्हाही काढून घेऊ शकतो.

प्रारंभी एकदाच जबाबदार व्यक्तीने क्लाउड सेवेच्या पानावर स्वतः प्रवेश करून संमती द्यावी लागते. पासवर्ड त्या पानापलीकडे जात नाही. संमतीनंतर आज्ञावलीला दोन टोकन मिळतात. पहिले प्रवेशाचे टोकन, म्हणजे फाटकावरचा अल्प मुदतीचा पास. गुगलकडे त्याची मुदत साधारण १ तास, ड्रॉपबॉक्सकडे ४ तास असते. दुसरे नूतनीकरणाचे टोकन दीर्घकाळ चालते. पण त्याने फाइल उघडत नाही, नवा पास तेवढा मिळतो. पास संपला की सेवा ‘४०१’ हा क्रमांक उत्तरादाखल पाठवते. मग आज्ञावली नूतनीकरणाचे टोकन दाखवून नवा पास घेते आणि अडलेले काम पुन्हा करते. पास वाटेत कोणी पळवला, तरी तो लवकरच निरुपयोगी होतो.

व्यवहारात अडचण येते ती नूतनीकरणाचे टोकनच बंद पडल्यावर. गुगलच्या नोंदणीत आज्ञावली ‘चाचणी’ अवस्थेत ठेवली, तर हे टोकन साधारणतः ७ दिवसांत संपते. पहिला आठवडा सर्व सुरळीत, आठव्या दिवशी काम ठप्प, असा प्रकार नवख्यांना हमखास चकवतो. ६ महिने न वापरलेले टोकनही रद्द होऊ शकते. काही सेवा, उदाहरणार्थ मायक्रोसॉफ्टची, प्रत्येक नूतनीकरणाबरोबर नवे टोकनही देतात. ते जपून ठेवले नाही, तर जुन्याची मुदत सरताच दार बंद होते. खरे नुकसान बंद पडण्याने होत नाही, ते गुपचूप बंद पडण्याने होते. प्रती सुरक्षित आहेत या समजुतीत महिने जातात आणि संगणक बिघडल्यावर कोठार रिकामे निघते. म्हणून प्रत्येक रात्रीचा निकाल नोंदवला जावा, आणि अपयश आल्यास संबंधित कर्मचाऱ्याच्या फोनवर सूचना जावी. अधूनमधून एखादी प्रत प्रत्यक्ष उतरवून उघडून पाहणे तर आवश्यकच.

नूतनीकरणाचे टोकन पासवर्डइतकेच जपावे लागते. त्याची फाइल फक्त आज्ञावली चालवणाऱ्या वापरकर्त्यालाच वाचता यावी. व्हॉट्सॲपवर ती कोणालाही पाठवू नये. अधिकारही बेताचा मागावा. गुगल ड्राइव्हवर आज्ञावलीने स्वतः तयार केलेल्या फाइलींपुरताच प्रवेश मागता येतो, आणि या कामाला तेवढा पुरतो. नागरिकांची माहिती कोणत्या सेवेवर ठेवावी, हे मात्र वरिष्ठ कार्यालयानेच ठरवावयाचे आहे. गावपातळीवर सोयीची म्हणून एखादी सेवा निवडणे योग्य नव्हे.

बदली होते तेव्हा ही बाब हमखास विसरली जाते. टोकन ज्याच्या वैयक्तिक खात्यावर घेतले, तो कर्मचारी गेल्यावर दप्तर त्याच्याच खात्यात राहते. म्हणून संमती कार्यालयाच्या खात्यावरूनच द्यावी. कार्यभार देता-घेताना किल्ल्यांच्या यादीत या टोकनाचीही नोंद करावी. जुने टोकन सेवेच्या सुरक्षा पानावरून रद्द करावे, आणि नव्या अधिकाऱ्याने त्याच खात्यावरून पुन्हा संमती द्यावी.