वाडीची वही आणि खात्याचं उत्तर

देवरूखच्या आरोग्यसेवेबद्दल बोलायचं तर 1954 पासून सुरुवात करावी लागते. त्या वर्षी इंदिराबाई हळबे, म्हणजे मावशी हळबे, यांनी इथे दोन खाटांचं प्रसूतिगृह सुरू केलं आणि त्यातूनच पुढे मातृमंदिर ही संस्था उभी राहिली. सरकारची वाट न पाहता गरजेला धावून जायचं, ही कोकणाची जुनी रीत आहे. मुंबईच्या चाकरमान्यांची मंडळं आजही ती पाळतात. कुणी गावाला रुग्णवाहिका देतं, कुणी तपासणी शिबिर भरवतं. या कामांचं मोल कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. मात्र एका गावाने मिळवलेल्या रुग्णवाहिकेवर पलीकडच्या गावाचा हक्क निर्माण होत नाही, आणि डिझेलचा व ड्रायव्हरच्या पगाराचा खर्च झेपेनासा झाला की ती ज्या गावाची, त्यालाही उपयोगाची राहत नाही. सेवेचं रूपांतर नियमात आणि अंदाजपत्रकातल्या तरतुदीत व्हायला हवं. पुढाऱ्याला हार घालून दिलेल्या निवेदनाने ते क्वचितच होतं. गावाने स्वतः ठेवलेली तारीखवार नोंद आणि त्या नोंदीला खात्याने चारचौघांत द्यावं लागणारं उत्तर, या दोन गोष्टी जमल्या तर होतं, असं माझं म्हणणं आहे.

महाराष्ट्रात हे करून पाहिलेलं आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 2007 साली आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा राज्यात पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे निवडले गेले. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे समन्वयाचं काम होतं. रत्नागिरीचं, म्हणजे देवरूखच्या जिल्ह्याचं, नाव त्या यादीत नव्हतं. कामाची पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. गावातल्या बायका, वयस्क माणसं, पंचायतीचे सदस्य एकत्र बसतात आणि ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं देतात. नर्सताई गेल्या महिन्यात वाडीवर आल्या होत्या का? आरोग्य केंद्रात औषध मिळालं, की बाहेरून आणायची चिठ्ठी हातात पडली? सलाईनचे पैसे मागितले का? बाळंतिणीला योजनेची रक्कम मिळाली का? उत्तरांवरून प्रत्येक सेवेपुढे हिरवा, पिवळा किंवा लाल रंग भरला जातो. हे प्रगतिपत्रक उघड्यावर लावलं जातं. ज्यांना अक्षरओळख नाही, त्यांनाही लाल रंग कशापुढे आहे ते कळतं.

यानंतर येते जनसुनवाई. तिथे ‘केंद्रात औषधं नसतात’ असं मोघम बोलून भागत नाही. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणता आजार घेऊन माणूस गेला, काय सांगून परत पाठवलं, ती चिठ्ठी कुठे आहे, हे सगळं आधी कागदावर तयार लागतं. समोर आरोग्य अधिकारी बसलेले असतात, बाजूला पंच म्हणून वकील, पत्रकार, सामाजिक कार्यकर्ते. अधिकारी उत्तर देतो आणि काय करणार, कधीपर्यंत करणार, ते लिहून घेतलं जातं. पुढच्या सुनावणीत सुरुवात त्याच कागदापासून होते. या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत लसीकरण, नर्सच्या भेटी अशा गोष्टी पुढच्या फेऱ्यांत सुधारल्या. डॉक्टरांच्या रिकाम्या जागा आणि औषधांचा पुरवठा मात्र तालुक्याच्या हातात नसतो. तिथे गाडं अडलं. म्हणूनच खालच्या तक्रारी एकत्र करून राज्याच्या पातळीवर नेणं हा या पद्धतीचा अविभाज्य भाग ठरला.

काटेकोर नोंदीचं बळ किती असतं, हे गडचिरोलीने दाखवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत घरोघरच्या नवजात बाळांच्या काळजीचा प्रयोग केला, जन्म आणि मृत्यू कसोशीने मोजले. नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी उतरल्याचा निष्कर्ष 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्याच धर्तीवर 2011 मध्ये घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हे देशभरातल्या आशाताईंचं काम झालं. मोजणी नसती तर तो एका भल्या संस्थेचा भला उपक्रम म्हणूनच राहिला असता. गडचिरोलीत संशोधकांची फौज होती, वाडीवर ती कुठून येणार, हा आक्षेप रास्त आहे. पण वाडीला वैद्यकीय निष्कर्ष काढायचा नाही. सेवा मिळाली की नाही, एवढंच लिहायचं आहे, आणि ते घेणाऱ्यापेक्षा अधिक कोण जाणतं?

दुसरा आक्षेप आरोग्य कर्मचाऱ्यांचा आहे, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. सुनावणीत बळी जातो तो सगळ्यात खालच्या माणसाचा. दोन उपकेंद्रांचा भार वाहणारी नर्स आरोपी ठरते आणि पद न भरणारे कुठेच दिसत नाहीत. हे घडू शकतं. त्यावर उपाय गावाच्या नोंदवहीतच आहे. रिकामं पद, गळकं निवासस्थान, न आलेला औषधसाठा यांना स्वतंत्र रकाने दिले, तर तीच नोंद नर्सच्या बाजूची साक्ष होते. तिने वरिष्ठांना पाठवलेल्या अर्जापेक्षा गावाच्या ठरावात लिहिलेली तीच मागणी अधिक जड असते.

कोकणातली अडचण वेगळी. कर्ता माणूस मुंबईत, मग ग्रामसभेत बोलणार कोण, असं नेहमी विचारलं जातं. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. म्हणजे गर्भारपण, लहान मुलं, सासू-सासऱ्यांचं औषधपाणी हे सगळं ज्यांच्या अंगावर आहे, त्या गावातच आहेत. बचत गटाच्या बैठकीत हिशेब लिहिणाऱ्या बाईला ही वही जड नाही. गाव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती नियमाने असतेच, आणि ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याचं बंधनही आहे. म्हणजे नवी यंत्रणा उभारायची नाही, असलेल्या यंत्रणेत कागद ठेवायचा आहे. संस्थेचा निधी आटला की देखरेखही थांबते, हा बाहेरून चालवलेल्या उपक्रमांना असलेला धोका त्यामुळे बराच टळतो.

देवरूखच्या परिसरात पहिला रकाना अंतराचा हवा. उपकेंद्रं आणि आरोग्य केंद्रं लोकसंख्येच्या निकषावर मिळतात: डोंगरी भागात 3,000 माणसांमागे उपकेंद्र, 20,000 माणसांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र. सह्याद्रीच्या पायथ्याशी गाव एक असतं आणि वाड्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या. मध्ये वहाळ, त्यावर साकव, आणि पावसात तो साकवही भरवशाचा नाही. जनगणनेच्या आकड्यात यातलं काहीच उमटत नाही. केंद्र सरकारने डोंगराळ भागांसाठी उपकेंद्र ठरवताना वस्तीपासून चालत 30 मिनिटांचा निकष धरायला मुभा दिलेली आहे. तिचा आधार घ्यायचा तर मिनिटं कुणीतरी लिहिलेली हवीत. जून ते सप्टेंबर प्रत्येक वाडीने आजारी माणसाला उपकेंद्रापर्यंत न्यायला लागलेला वेळ तारखेसह लिहावा, आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तो ठरावाला जोडावा. जिल्ह्याचा आरोग्य आराखडा एप्रिलच्या आधी काही महिने घडतो. 26 जानेवारीच्या सभेपर्यंत थांबलं तर उशीर होतो.